कॉल समेच्या आधी संपला पाहिजे : काँट्रा डान्समध्ये पावलं आणि चाल जुळवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमध्ये काही वर्षं काँट्रा नाचलेल्या आणि आता कॉलिंग (माईकवरून पुढची आकृती सांगणं) शिकू लागलेल्या एका वाचकाच्या दोन अडचणी आहेत. वॉक-थ्रूमध्ये (संगीताआधी सावकाश करून पाहताना) नाच नीट बसतो, पण बँड सुरू झाला की तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत सगळा हॉल संगीताच्या मागे पडलेला असतो. आणि फिडलवाला जेव्हा विचारतो, "कसली चाल हवी?" तेव्हा "जरा जोरकस काहीतरी" यापलीकडे उत्तर सुचत नाही. माझ्या मते या दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. कॉलरच्या कार्डावर लिहिलेला नाच तुम्ही आकृत्यांची यादी म्हणून वाचता आहात. तो मात्रांचा हिशेब म्हणून वाचायला हवा.

ज्यांनी काँट्रा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. हॉलमध्ये माणसांच्या दोन लांब रांगा समोरासमोर उभ्या असतात. वरून खाली दोन-दोन जोड्यांचे चौकडे पडतात, त्याला 'हँड्स फोर' म्हणतात. चौकड्याने ठरलेल्या आकृत्या केल्या की प्रत्येक जोडी एक घर पुढे सरकते, नवी शेजारी जोडी मिळते आणि तोच नाच पुन्हा पहिल्यापासून. स्विंग म्हणजे दोघांनी एकमेकांना धरून जागच्या जागी गोल फिरणं; तो संपल्यावर डावीकडे असतो तो लार्क आणि उजवीकडे रॉबिन. पूर्वीच्या 'जेंट्स' आणि 'लेडीज'च्या जागी आता पुष्कळ ठिकाणी हीच नावं चालतात. स्टेजवर फिडल, पियानो किंवा गिटार, आणि माईकवर कॉलर.

चौसष्टचा हिशेब

नाचाची एक फेरी ६४ पावलांची. चालीचे दोन भाग, ए आणि बी, प्रत्येक भाग दोनदा वाजतो: ए-एक, ए-दोन, बी-एक, बी-दोन. प्रत्येक भाग १६ मात्रांचा. तबला कानावरून गेलेल्या माणसाला हे सांगायला फार शब्द लागत नाहीत: तीनतालाची चार आवर्तनं. प्रत्येक आवर्तनाचे ८-८ चे दोन अर्ध, आणि बहुतेक आकृत्या या आठांत किंवा पूर्ण सोळांत बसवलेल्या असतात.

इथे पहिला गोंधळ होतो तो वादकांशी बोलताना. वादक म्हणतात "३२ बार", कॉलर म्हणतो "६४ मात्रा", आणि दोघांचंही बरोबर असतं. एका बारमध्ये दोन पावलं पडतात. रील असेल तर बारमध्ये चार ठोके लिहिलेले असतात आणि पाऊल पहिल्या नि तिसऱ्यावर पडतं. जिग असेल तर सहा लहान ठोके तीन-तीनच्या जोडीने येतात आणि पाऊल पहिल्या नि चौथ्यावर. रीलचा झोक केरव्याकडे जातो, जिगचा जलद दादऱ्याकडे. पावलं मात्र दोन्हीकडे चौसष्टच. त्यामुळे एकच नाच रीलवरही चालतो आणि जिगवरही, फक्त अंगात येणारी उसळी बदलते.

लय साधारण मिनिटाला ११२ ते १२० पावलं. १२० ला एक फेरी बरोबर ३२ सेकंदांत होते, ११६ ला जेमतेम ३३. म्हणजे चार मात्रा म्हणजे दोन सेकंद. तुमचा कॉल या दोन सेकंदांत मावायला हवा; त्याहून लांब वाक्य म्हणजे पुढच्या आकृतीवर अतिक्रमण. नवखे लोक जास्त असले तर ११२ च्या आसपास राहावं, पण १०८ च्या खाली जाऊ नये. लय फार उतरली की स्विंगमध्ये पाय जड होतात, जोडीचा तोल जातो आणि नवख्यांनाच जास्त त्रास होतो. बँड 'सोपं व्हावं म्हणून' हळू वाजवायला तयार होतो, तेव्हा हे त्यांना आठवण करून द्यावं लागतं.

कॉल म्हणजे मुखडा

खयाल ऐकताना मुखडा कुठे सुरू होतो ते आठवा. समेच्या आधी चार-पाच मात्रा तो उचलला जातो आणि समेवर येऊन टेकतो. काँट्राचा कॉल नेमका तसाच. आकृती पहिल्या मात्रेवर सुरू होणार असेल तर कॉल आधीच्या आठातल्या पाच-सहा-सात-आठ या मात्रांवर बोलायचा आणि आठव्या मात्रेला संपवायचा. पहिल्या मात्रेवर कॉलर गप्प आणि पाऊल पडलेलं.

गंमत अशी की तालाची जाण असलेल्या माणसाकडूनच इथे एक चूक हमखास होते. त्याला समेवर बोलण्याचा मोह आवरत नाही. 'वन' ऐकू येतो आणि त्याच क्षणी तो "सर्कल लेफ्ट!" म्हणतो. ऐकून, समजून, हात धरून निघेपर्यंत नाचणाऱ्यांच्या दोन-तीन मात्रा गेलेल्या असतात. आठ मात्रांची आकृती पाचांत उरकावी लागते, ती अकरांत संपते, आणि पुढचा कॉल पुन्हा उशिरा येतो. तुमच्या प्रश्नातलं 'तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत मागे पडणं' बहुतेक वेळा इथूनच सुरू होतं.

आता एक नाच जवळून पाहू. सगळ्या आकृत्या रोजच्या वापरातल्या आहेत. बॅलन्स म्हणजे हात धरून एकमेकांकडे पाऊल टाकून मागे येणं, स्टार म्हणजे चौघांनी मधोमध हात जोडून गोल फिरणं, डो-सी-डो म्हणजे समोरच्याला पाठीमागून वळसा घालून जागेवर येणं; लाँग लाइन्स आणि चेन पुढे येतीलच:

ए-एक: शेजाऱ्याबरोबर बॅलन्स (४), स्विंग (१२)
ए-दोन: सर्कल लेफ्ट तीन घरं (६), जोडीदाराबरोबर स्विंग (१०)
बी-एक: लाँग लाइन्स पुढे-मागे (८), रॉबिन्स चेन (८)
बी-दोन: लेफ्ट हँड स्टार (८), पुढच्या शेजाऱ्याबरोबर डो-सी-डो (८)

ए-एक मधला स्विंग लांब आहे. तेराव्या मात्रेपासून बोला: तेरावर "सर्कल", चौदावर "लेफ्ट", पंधरावर "थ्री", सोळावर "प्लेसेस". प्रत्येक मात्रेवर एक शब्द, आणि जोर शब्दाच्या पहिल्या अक्षरावर. सर्कलला एका घराला दोन पावलं लागतात, म्हणून तीन घरं सहा मात्रांत होतात आणि स्विंग सातव्या मात्रेला सुरू होतो. त्यामुळे इथे 'पाच ते आठ' हा नियम चालत नाही. "पार्टनर, स्विंग" हे चौथ्या ते सहाव्या मात्रेवर म्हणावं लागतं. पाठ केलेल्या नियमाने इथे आठवरच बोलणारे कॉलर पुष्कळ आहेत. मग हॉलमधले लोक तीन घरं संपवून दोन मात्रा नुसते एकमेकांकडे बघत उभे राहतात, नाहीतर चौथं घर फिरून जातात आणि समोर भलताच माणूस येतो.

ए-दोनच्या शेवटी "लाँग लाइन्स फॉरवर्ड अँड बॅक". स्विंग सोडून, हात मोकळे करून, समोर तोंड करून रांगेत यायला दोन मात्रा लागतात. सरावलेल्यांना तेराव्या मात्रेचा कॉल पुरतो. नवखे असतील तर अकराव्यापासूनच "फेस अक्रॉस" अशी पुस्ती जोडावी. बी-एक मध्ये नशीब चांगलं आहे: रांग चार पावलं पुढे आणि चार पावलं मागे जाते, आणि मागे येणारी चार पावलं म्हणजेच पाच ते आठ. "रॉबिन्स, चेन अक्रॉस" त्यांच्यावर अलगद बसतं. चेनमध्ये चार मात्रांत रॉबिन पलीकडे जातात आणि चार मात्रांत समोरचा लार्क त्यांना फिरवून घेतो. त्या फिरण्यातच "लेफ्ट हँड स्टार". त्या फिरण्याची दिशा आणि स्टारची दिशा एकच, त्यामुळे आकृती घसरत पुढे जाते, कुणाला थांबावं लागत नाही.

बी-दोन मधला दुसरा कॉल या नाचातला सगळ्यांत अवघड. "नेक्स्ट नेबर, डो-सी-डो". चौकडा सोडून नवा माणूस शोधायचा असतो, आणि नजर वळायला वेळ लागतो. "नेक्स्ट नेबर" हे चौथ्या मात्रेपासूनच सुरू करा आणि "डो-सी-डो" सात-आठवर टाका. डो-सी-डो ला खरं तर सहा मात्रा पुरतात. उरलेल्या दोन मात्रा हात धरून तयार राहायला आहेत, गिरक्या मारायला नाहीत. गिरक्या मारणारे ए-एकच्या बॅलन्सला हमखास एक मात्रा उशिरा येतात, आणि बॅलन्स चुकला तर ते शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं.

'कोण' आधी आणि 'काय' नंतर, हा क्रम वरच्या सगळ्या कॉलमध्ये का आहे? मिश्र हॉलमध्ये दोन प्रकारचे कान असतात. नवख्याला लवकर सांगावं लागतं. जुन्या माणसाला लवकर सांगितलं तर तो ऐकल्या ऐकल्या निघतो आणि संगीताच्या पुढे पळतो. म्हणून नाव, हात किंवा दिशा लवकर, आणि क्रियापद सात-आठवर. नवखा तोवर योग्य माणसाकडे वळलेला असतो, आणि जुना क्रियापद ऐकेपर्यंत हलत नाही.

स्विंग ही पिशवी आहे

सगळ्या आकृत्या सारख्या लवचीक नसतात. लाँग लाइन्स आठाचेच, ना कमी ना जास्त. चेन आठाची. पूर्ण 'हे' (hey, चौघं एकमेकांना ओलांडत विणत जातात ती आकृती) सोळाचा: आठ ओलांडण्या, प्रत्येकीला दोन मात्रा. अलेमांड (एक हात धरून एकमेकांभोवती फिरणं) दीड फेरी म्हणजे आठ मात्रा आरामात. एकच फेरी आठांत लावली तर लोक रेंगाळतात, आणि दोन फेऱ्या लावल्या तर दंड घट्ट धरून पळावं लागतं. पेट्रोनेला-फिरकी चार बॅलन्सच्या आणि चार फिरण्याच्या. डाउन द हॉल (ओळीने हॉलच्या खालच्या टोकाकडे चालणं) आठ: सहा पावलं चालून दोनांत वळायचं. इथे लोकांना आठही पावलं पुढे जाण्याची हाव सुटते आणि परतीला ते दोन मात्रा मागे असतात, म्हणून वॉक-थ्रूमध्येच "सातव्याला वळा" असं स्पष्ट सांगावं.

स्विंग मात्र पिशवीसारखा असतो. दहाचा आठ झाला, बाराचा नऊ झाला, तरी कुणाची तक्रार नसते. म्हणून नाच निवडताना पहिलं पाहायचं ते हे की अवघड, मागे पाडणाऱ्या आकृतीनंतर लगेच स्विंग आहे का. असेल तर उशीर तिथे जिरतो. चेन, मग 'हे', मग अलेमांड, मग चेन असा स्विंगशिवायचा लांब पट्टा असेल तर एकदा झालेला उशीर फेरी संपेपर्यंत अंगावर राहतो. नवख्यांच्या रात्री असे नाच मी कार्डांच्या गठ्ठ्यातून बाजूला काढून ठेवायला सांगेन, कितीही सुंदर असले तरी.

उशीर झालाच तर काय? नाचणाऱ्यांची वाट बघू नका. चुकणारा कॉलर मागे पडलेल्या चौकड्यावर नजर लावतो, त्याला बरं वाटावं म्हणून पुढचा कॉल थोडा उशिरा देतो, आणि सगळा हॉल त्या एका चौकड्याच्या घड्याळावर येतो. कॉल संगीताच्या घड्याळानेच द्यायचा. मागे पडलेले लोक स्विंग छाटून संगीताला आपसूक गाठतात. ती सूट त्यांना तुम्ही वेळेवर बोललात तरच मिळते. नजर ठेवायची असेल तर हॉलच्या मधल्या भागातल्या एका सरावलेल्या जोडीवर ठेवा. वरच्या टोकाची माणसं स्टेजजवळ असल्यामुळे जास्त दिसतात, पण टोकाला पोचलेली जोडी एक फेरी थांबते, त्यामुळे तिथे नेहमी कुणीतरी फेरीबाहेर असतं आणि चित्र फसवं असतं.

कुठली आकृती, कसली चाल

आता बँडच्या प्रश्नाकडे. "जोरकस" या शब्दाचा फिडलवाल्याला काही उपयोग नाही. त्याला सांगा की कुठल्या भागात काय आहे.

काही आकृत्यांना ठोका हवा असतो. बॅलन्स, पेट्रोनेला-फिरकी आणि रोरी ओ'मोर या जुन्या नाचातला उजवा-डावा बॅलन्स या सगळ्यांत पहिल्या मात्रेवर हॉलभर पाय आपटतात. तिथे बँडला तो ठोका उचलता यावा अशी चाल हवी: पहिल्या दोन बारांत स्वर कमी, मोकळी जागा जास्त, स्वरमेळ ठाम. याउलट 'हे', चेन, मॅड रॉबिन (डो-सी-डोसारखंच, पण समोरच्याकडे बघत शेजाऱ्याभोवती फिरणं) यांत ठोकाच नसतो, नुसता प्रवाह असतो. तिथे स्वरांनी भरलेली, न थांबणारी चाल लागते. ठोकेबाज चालीवर 'हे' नाचून पाहा, प्रत्येक ओलांडणीला खांदा धक्का खातो. आणि वाहत्या चालीवर पेट्रोनेला केली की बॅलन्स सगळ्यांचा वेगवेगळ्या क्षणी होतो, कारण कानाला धरायला काही नसतं.

बॅलन्स नेहमी आठाच्या सुरुवातीला हवा. चार मात्रांचं काहीतरी करून पाचव्या मात्रेवर बॅलन्स लावलेले नाच कागदावर जुळतात, पण पाचव्या मात्रेवर बहुतेक चालींत जोर नसतो, आणि लोकांचे पाय तिथे आपटायला तयार नसतात. मुद्दाम बँडशी बोलून तिथे ठोका आणला तर गोष्ट वेगळी.

ए आणि बी भाग वेगळे ऐकू येणंही महत्त्वाचं. बऱ्याच चालींत बी भाग वरच्या सप्तकात चढतो. त्या चढावर जोडीदाराबरोबरचा बॅलन्स-स्विंग ठेवला की हॉलमध्ये आपोआप हुंकार उठतो. म्हणूनच कितीतरी नाचांत तो बी-एकला सापडतो. शिवाय हरवलेल्या नाचणाऱ्याला तो चढ ऐकूनच कळतं की आपण कुठे असायला हवं होतं. कॅनडाच्या क्वेबेककडच्या आणि आयरिश चालींत ही वळणं ठळक असतात. एक सावधगिरी: क्वेबेकच्या काही चाली 'वाकड्या' असतात, त्यांत कुठे एखादी मात्रा जास्त किंवा कमी असते. ऐकायला त्या बहारदार वाटतात, पण काँट्राला चालत नाहीत. सरळ करून वाजवतील का ते आधी विचारा. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या ओल्ड-टाइम चालींत पकड जबरदस्त पण भागांच्या सीमा पुसट. तिथे कॉलरला स्वतः मोजत राहावं लागतं. डीजेच्या इलेक्ट्रॉनिक संगीतावर होणाऱ्या काँट्रातही तीच अडचण, आणि तिथे अनोळखी नाच टाळावेत.

तर बँडला द्यायच्या चिठ्ठीवर चार ओळी पुरतात. वरच्या नाचासाठी उदाहरणार्थ: "ए-एक पहिल्या चारांत बॅलन्स, तिथे ठोका. बी-एक रांगा आणि चेन, गुळगुळीत. रील. ११४." बँड अनुभवी असेल तर तो बॅलन्सच्या चार मात्रांना थांबून-थांबून ठोके देईल. त्यांना एकच विनंती करावी: प्रत्येक फेरीला नको. चौदा-पंधरा फेऱ्यांत तीन-चारदा केलं की अंगावर काटा येतो, दरवेळी केलं की सवय होते.

जुने नाच काय शिकवतात

चाल आणि नाच यांची गाठ कशी असते हे पाहायचं असेल तर न्यू इंग्लंडच्या जुन्या नाचांकडे जा, ज्यांना तिकडे 'चेस्टनट' म्हणतात. या नाचांची चाल ठरलेली असते आणि नावही तेच. कोरस जिग घ्या (नाव जिग, चाल रील, यावर दर पिढीत कुणीतरी हसतं). ए-एक मध्ये पहिली जोडी बाहेरून खाली आठ, परत आठ. ए-दोन मध्ये मधून खाली आठ, परत येऊन कास्ट ऑफ (शेजाऱ्याभोवती वळून एक घर खाली). बी-एक मध्ये काँट्रा कॉर्नर्स: जोडीदार, पहिला कोपरा, जोडीदार, दुसरा कोपरा, प्रत्येक हात चार मात्रांचा, एकूण सोळा. बी-दोन मध्ये जोडीदाराबरोबर बॅलन्स आणि स्विंग. काँट्रा कॉर्नर्समध्ये एकाही हाताला पाचवी मात्रा घेता येत नाही. घेतली तर बी-दोनचा बॅलन्स गेला. त्यामुळे हा नाच कॉलरपेक्षा चालच शिकवते.

पेट्रोनेलात चाल आणि आकृती अशाच एकमेकींत गुंतल्या आहेत: चार मात्रांचा बॅलन्स, चार मात्रांत फिरत पुढच्या जागेवर, असं चारदा केलं की ए-एक आणि ए-दोन संपतात. फिरण्याच्या शेवटी मारायच्या दोन टाळ्या नंतर नाचणाऱ्यांनीच घातल्या. त्या टाळ्या जर सगळ्या हॉलच्या एकदम पडल्या तर समजावं की लय पक्की बसली आहे. विखुरल्या तर माईक थोडा जवळ घ्यावा.

मनी मस्क हा मुद्दाम वेगळा ठेवायचा नाच. तो २४ बारांच्या चालीवर, म्हणजे ४८ मात्रांत नाचतात. न्यू हॅम्पशरमधल्या कीनच्या राल्फ पेज यांच्यासारख्या कॉलरांमुळे ही जुनी परंपरा टिकली. पण ३२ बारांच्या सवयीचा बँड पाठ न करता वाजवायला बसला तर कुठलातरी भाग दोनदा घेतो आणि सगळा सेट अधांतरी लटकतो. आधी बँडशी बोलल्याशिवाय हा लावू नये.

सुरुवात, मधली शांतता, शेवट

बँड चालीआधी छोटा शफल (नुसता ठेका) वाजवतो, त्याला 'पोटॅटो' म्हणतात. लय त्यातून मिळते आणि तुमचा पहिला कॉलही त्यातच बसवायचा असतो. म्हणून नाच सुरू करण्याआधी बँडला विचारा की ते चार मात्रांचा देतात की आठांचा. "नेबर्स, बॅलन्स अँड स्विंग" ही चार मात्रांची ओळ शेवटच्या चार मात्रांवर टाकायची. पहिली सम हुकली की पूर्ण पहिली फेरी सावरण्यात जाते.

पहिल्या तीन फेऱ्या पूर्ण कॉल. नंतर शब्द कमी करत जा: "लेफ्ट हँड स्टार" चा "स्टार", "रॉबिन्स चेन अक्रॉस" चा "चेन". सहाव्या-सातव्या फेरीच्या सुमाराला गप्प बसता आलं तर बसा, आणि तेव्हा संगीत ऐकू द्या. ही शांतता म्हणजे कॉलरची विश्रांती नाही. पुन्हा बोलायची वेळ कधी आली हे पाहायचं असतं. टोकाला थांबलेल्या जोड्या बाजू न बदलता आत आल्या, की तिथून गडबड पसरते. त्यासाठी एखादी आठवण, आणि पुन्हा शांतता.

बँड मेडलीमध्ये (एकापाठोपाठ जोडलेल्या चालींत) चाल बदलतो, साधारण पाच-सहा फेऱ्यांनी. नव्या चालीच्या पहिल्या फेरीत हॉलमध्ये उत्साह वाढतो आणि लोक थोडे पुढे पळतात. त्या फेरीत एक-दोन कॉल परत घ्यावेत, सात-आठ मात्रांवर घट्ट धरून.

शेवट बोटांनी सांगतात, आणि बोटांवरूनच भांडणं होतात. एक बोट म्हणजे 'ही शेवटची' की 'ही झाल्यावर आणखी एक'? कार्यक्रमाआधी पाच सेकंद घालवून ठरवून घ्या. नाहीतर बँड थांबतो तेव्हा हॉल बी-दोनच्या स्टारमध्ये अडकलेला असतो. खूण दाखवायची तीही पुढची फेरी सुरू होण्याआधी, सहसा बी-दोनच्या पहिल्या आठात, म्हणजे वादकांना ठरवायला आठ-दहा मात्रा मिळतात.

बँड चुकला तर? तोही माणूसच आहे. कधी ए तीनदा वाजतो, कधी बी-दोन विसरतो. नाच सोळा मात्रांनी सरकला असेल तर घाबरू नका. सगळ्या आकृत्या अजूनही भागांच्या सीमांवरच पडत असतात, फक्त बॅलन्स भलत्या स्वरावर येतो. फेरी संपेपर्यंत चालू द्या आणि बँडकडे वळून डोक्यावर हात ठेवा, म्हणजे 'वरून घ्या'. तेही आधी ठरवून ठेवलेलं बरं. नाच आठ मात्रांनी सरकला असेल तर मात्र लगेच सावरावं लागतं. कुठल्यातरी स्विंगला आठ मात्रा वाढवा, "कीप स्विंगिंग" म्हणा, आणि सोळाच्या सुरुवातीला पुन्हा कॉल उचला. दोन आकृत्या गाळण्यापेक्षा एक स्विंग लांबवणं सोपं आणि कुणाला खटकतही नाही.

घरी करायचा सराव

टेबलावर चार वाट्या घ्या, दोन स्टीलच्या आणि दोन काचेच्या. स्टील लार्क, काच रॉबिन; जोड्या ओळखू याव्यात म्हणून एका जोडीत चमचा टाकून ठेवा. मेट्रोनोम ११६ वर लावा आणि वाट्या सरकवत नाच करा, कॉल न देता, फक्त मोठ्याने एक ते आठ मोजत. कुठल्या आकृतीला नेमक्या किती मात्रा लागतात ते हाताला कळेल, आणि फेरी संपल्यावर दोन्ही जोड्या एक घर पुढे गेल्यात का, तेही.

मग वाट्या बाजूला ठेवून चालीचं रेकॉर्डिंग लावा आणि जागच्या जागी पावलं टाकत कॉल द्या. कार्ड लिहिताना आकृतीसमोर तिच्या मात्रा लिहा, आणि कॉल कुठल्या मात्रेला उचलायचा तो आकडा लाल पेनाने: सर्कलसमोर १३, जोडीदाराच्या स्विंगसमोर ४, नेक्स्ट नेबरसमोर ४. कार्ड वाचताना डोळे नेहमी एक ओळ पुढे. तोंड "चेन" म्हणत असेल तेव्हा डोळे "स्टार"वर.

शेवटी स्वतःचा कॉल मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना फक्त एकच गोष्ट तपासा: पहिल्या मात्रेवर तुमचा आवाज ऐकू येतो का. ज्या ओळीत येतो, त्या ओळीतले दोन शब्द काढा आणि पुन्हा रेकॉर्ड करा.